भिंगरीच्या झोपेची बिघाडवही

भिंगरी सव्वादोन वर्षांची होती आणि तिच्या आईबाबांच्या मते जन्मल्यापासून आजवर ती सगळी मिळून एखादा आठवडा झोपली असेल. हा हिशेब साफ चुकीचा होता. पण ज्यांचे डोळे वर्षभर चुरचुरताहेत त्यांच्याशी हिशेबावरून वाद घालण्यात अर्थ नसतो. बाराच्या ठोक्याला ही बया पलंगावर उभी राहून टाळ्या वाजवायची. साडेबाराला पडायची ती उशीवर डोकं ठेवून. दोनला पाहावं तर उशीवर पाय आणि बाबाच्या मानेवर डोकं. तीनला रडत उठायची आणि पाचला पुन्हा एकदा, आधीचं रडणं अपुरं राहिल्यासारखं. भिंगरी हे नाव तिला कुणी विचार करून दिलेलं नव्हतं, ते आपोआप पडलं होतं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. आजीने फोनवरून टाळूला तेल चोळायला सांगितलं. आजोबांनी मागून ओरडून सांगितलं की आमची मुलं अशी कधी करत नव्हती. आजोबांची मुलं रात्री काय करत होती हे आजोबांना कधीच कळलं नव्हतं, कारण ते स्वतः घोरत होते, आणि हे आजीने त्याच फोनवर लगेच स्पष्ट केलं. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, दुपारची झोप बंद करा, रात्री आपसूक आडवी होईल. तेही करून पाहिलं. भिंगरी संध्याकाळी पाच वाजता भाताच्या ताटात तोंड घालून झोपली, सातला ताजीतवानी होऊन उठली आणि रात्री दीडपर्यंत घरभर बादली ओढत फिरली. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्यांनी बादलीबद्दल विचारलं.

शेवटी दोघं बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेली. बाईंनी भिंगरीचे कान, घसा, पोट सगळं तपासलं आणि पोरगी ठणठणीत असल्याचं सांगितलं. औषध देणार नाही म्हणाल्या. दोन-तीन आठवडे सगळं लिहून ठेवा, ती कधी झोपली, कधी उठली, झोपण्याआधी घरात काय काय झालं, आणि मग ती वही घेऊन या.

हे ऐकून आईने सुस्कारा सोडला. बाबाचा चेहरा मात्र उजळला.

कारण बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या हाताखाली सत्तावीस लिफ्ट होत्या आणि प्रत्येक लिफ्टच्या मशीन रूममध्ये खिळ्याला टांगलेली एक बिघाडवही होती. वेळ, बिघाड, संशयित कारण, केलेली दुरुस्ती, सही. या पाच रकान्यांवर त्याची अढळ श्रद्धा होती. कुठलंही यंत्र उगाच रुसत नाही, असं तो म्हणायचा. नीट नोंद ठेवली की कारण आपल्या पायाने चालत येतं. आपली मुलगीही त्याला तशी अठ्ठाविसावीच वाटत होती, फक्त ही बिघडली तर जिना वापरायची सोय नव्हती. त्याने त्याच दिवशी जाड पुठ्ठ्याची वही आणली, पट्टीने रकाने आखले आणि ती स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगली.

पहिला आठवडा त्याचा मोठ्या उमेदीत गेला. 'बारा वाजून दहा. झोपत नाही. संशय : फ्रिजची घरघर.' फ्रिज भिंतीपासून चार बोटं पुढे ओढला, घरघर थांबली, भिंगरी थांबली नाही. 'दोन चाळीस. रडून उठली. संशय : दाराची बिजागरी.' बिजागरीला वंगण घातलं. ते इतकं मुरलं की दार कधी उघडतं ते कळेनासं झालं आणि भिंगरी कुणाला पत्ता न लागता बाहेरच्या खोलीत जाऊ लागली. 'संशय : रस्त्यावरचा दिवा.' हे काम आईकडे आलं, कारण ती घरी पडदे शिवायची. अर्धी भिंत तिच्या शिलाई मशीनने आणि कापडाच्या गठ्ठ्यांनी अडलेली असे. तिने खिडकीला दुहेरी अस्तराचा जाड पडदा शिवून दिला. शिवताना डुलकी लागली आणि स्वतःच्या गाऊनची बाही पडद्याला जोडून बसली. बाबा पोट धरून हसला. तीही हसली, मग खाली मान घालून बाहीची शिवण उसवत बसली.

वहीत सगळं होतं. दूध किती, अंघोळ कधी, कुत्रं किती वाजता भुंकलं, वरच्या काकूंनी खुर्ची कधी सरकवली. एक गोष्ट मात्र नव्हती, आणि ती का नव्हती हे समजायला लिफ्टवाल्यांचा रिवाज माहीत हवा. बिघाडवहीत मेकॅनिक कुठे असतो? शेवटच्या रकान्यात, सहीपुरता. तो दुरुस्तीला येतो, पाना फिरवतो, जातो. यंत्राचं काय झालं ते लिहायचं असतं, आपण आलो हे कुणी कारण म्हणून लिहीत नाही.

तर हा मेकॅनिक रोज संध्याकाळी पावणेआठला घरी यायचा.

कुलपात किल्ली फिरली की आतून धपधप पावलं वाजायची. दार उघडतं न उघडतं तोच भिंगरी त्याच्या गुडघ्यांना मिठी मारायची आणि मान मागे टाकून हुकूम सोडायची, "वर." मग पिशवी दारातच पडायची. बाबा उकिडवा बसून अदबीने विचारायचा, कोणता मजला मॅडम? मॅडमना एकच आकडा यायचा. "धा." मग लिफ्ट निघायची. पहिला मजला गुडघ्यापाशी, तिसरा पोटापाशी, पाचवा छातीपाशी. सातव्याला दार अडकायचं आणि गुदगुल्या व्हायच्या. आठव्याला वीज जायची आणि मॅडम उलट्या लटकायच्या. आणि दहाव्या मजल्यावर, छताला हात लागेल इतक्या वर, ती अशी काही खिदळायची की बाबाचा दिवसभराचा शीण उतरायचा. लोकांचे शिव्याशाप, अडकलेल्या साहेबांच्या तक्रारी, ग्रीसने काळी झालेली नखं, सगळं खाली तळमजल्यावर राहायचं. दहा मजले झाले की पुन्हा "वर."

हा पाऊण तास सोडला तर मुलगी त्याला जागी अशी भेटतच नव्हती. रात्री रडायची ती काही भेट नव्हे. सकाळी साडेआठला तो निघायचा तेव्हा ती रात्रीच्या धुमाकुळानंतर पलंगावर आडवीतिडवी पसरलेली असायची. तो तिच्या पायाच्या अंगठ्याला हात लावायचा आणि जायचा. म्हणून दिवसभर सत्तावीस लिफ्ट वरखाली करताना त्याचं लक्ष एकाच वेळेकडे लागलेलं असायचं.

दुसऱ्या आठवड्यात त्याला नवी लिफ्ट बसवायला सहा दिवस परगावी जावं लागलं. वही त्याने बायकोच्या हवाली केली, रकाने पुन्हा एकदा समजावून सांगितले, नोंद चुकवू नकोस म्हणून बजावलं. तिने बरं म्हटलं.

शनिवारी दुपारी तो परतला आणि खांद्यावरची पिशवीही न उतरवता आधी वही उघडली. बायकोच्या बारीक अक्षरात सहा ओळी होत्या. 'आठ दहाला झोपली. रात्रभर शांत. सकाळी साडेआठपर्यंत दोघी गाढ.' दुसरी तशीच. तिसरीत आठ दहाच्या जागी आठ पाच. एकदाही रडणं नाही, बादली नाही, टाळ्या नाहीत. बाबाने पडद्याकडे पाहिलं आणि त्याला भरून आलं. दुहेरी अस्तर. त्याने बायकोची पाठ थोपटली, कारण शेवटी काम तिचं होतं, संशय त्याचा असला तरी. तिने मशीनवरचं कापड सारखं केलं. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं सहा दिवसांत निम्मी झाली होती, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचंही श्रेय त्याने पडद्याला दिलं.

त्या संध्याकाळी सहा दिवसांची लिफ्ट एकदम चालली. चौसष्ट फेऱ्या. भिंगरी बारा वाजून वीस मिनिटांनी झोपली आणि तीनदा उठली. रविवारीही तेच. बाबाने खिन्नपणे लिहिलं, 'बिघाड पुन्हा सुरू. कारण कळत नाही.'

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने वही कंट्रोल रूममधल्या बाईंना दाखवली. या बाई पंचवीस वर्षं लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांचे फोन घेत होत्या. समोरचा कितीही किंचाळो, त्यांचा आवाज वरच्या पट्टीत जात नसे. नव्या मेकॅनिकांना निम्मं काम त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी डबा बाजूला सारला, चष्मा चढवला, पानं उलटली आणि बिघाड शोधायला आलेल्या प्रत्येकाला त्या जे विचारत तेच विचारलं.

"चालू होती तेव्हा काय वेगळं होतं?"

"काहीच नाही," बाबा म्हणाला. "घर तेच, दूध तेच, पडदा तोच. मी तर तेव्हा घरी नव्हतोसुद्धा."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा डबा पुढे ओढला. तेवढ्यात कुठल्यातरी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर कुणीतरी अडकलं आणि फोन वाजला. बाबा वही मिटून तसाच बसून राहिला. आपण आत्ता काय बोललो ते त्याला चांगलंच ऐकू गेलं होतं.

माणूस शहाणा असता तर त्या संध्याकाळी घरी जाऊन त्याने हे बायकोला सांगितलं असतं. पण सांगणं म्हणजे काय, तर तो पाऊण तास आपल्या हाताने देऊन टाकणं. सुट्टीचा वार सोडला तर मग त्याला मुलगी दिसणार होती ती फक्त झोपलेली. दाराशी धावत येणारं कुणी नसणार होतं, कुणी वर म्हणणार नव्हतं. त्याने स्वतःची समजूत घातली. मुलं मोठी होतात, आपोआप झोपायला लागतात. अजून वर्षभर कळ काढू. झोप काय, म्हातारपणी भरपूर मिळते. आणि बारा वर्षांच्या नोकरीत ज्याने बिघाडवहीत एक खोटं अक्षर लिहिलं नव्हतं, त्याने सोमवारी रात्री स्वतःच्या पोरीच्या वहीत लिहिलं, 'संशय : दाढ येत असावी.' मंगळवारी पुन्हा दाढ. बुधवारी दाढ खालची की वरची तेही लिहिलं.

गुरुवारी सकाळी डॉक्टर बाईंकडे जायचं होतं. निघताना त्याला बायकोच्या बोटाला पट्टी दिसली. मशीनवर पेंगले, सुई नखातून गेली, ती चपला घालत म्हणाली. या वेळी तो हसला नाही.

बाईंनी वही पहिल्यापासून वाचली. फ्रिजला त्या हसल्या, बिजागरीला जास्त हसल्या. परगावच्या सहा दिवसांवर त्यांचं बोट थांबलं. मग दाढ आली. त्यांनी भिंगरीला आ करायला लावलं, दिवा धरला आणि म्हणाल्या की येणाऱ्या दाढेचा मागमूस नाही. मग वही मिटून त्यांनी विचारलं, संध्याकाळी सात ते आठ या वेळात घरी काय असतं? त्या तासाची नोंदच दिसत नाही.

बाबाने जमिनीकडे पाहिलं. फरशीचे तुकडे मोजले. 

"काही विशेष नसतं," बायको म्हणाली. "आम्ही जेवतो."

बाईंनी पुढचा आठवडाभर त्या तासाचीही नोंद ठेवायला सांगितलं आणि तिघं बाहेर आली. बाहेरच्या बाकावर भिंगरीने चपला काढून डावी-उजवी बदलायला घेतल्या. बाबा बायकोच्या शेजारी बसला. जेवणं तर त्यांची दहाशिवाय कधी होत नसत.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच. सव्वासातला ती डोळे चोळायला लागते. साडेसातला माझ्या मांडीवर पेंगते. पावणेआठला किल्ली वाजते आणि मग तिचे डोळे असे होतात." तिने डोळे विस्फारून दाखवले. "मग बारा."

"मग बोलली का नाहीस? वर्षभर?"

तिने बोटाची पट्टी चाचपली.

"तू दारात उभा असतोस ना, ती येऊन बिलगते तेव्हा," ती म्हणाली, "तेव्हाचा तुझा चेहरा मला दिसतो. तुला नाही दिसत तो. मला नाही सांगवलं."

 ही बाई वर्षभर झोपली नव्हती, नखातून सुई घालून घेतली होती, आणि आत्ता डॉक्टरांसमोर चक्क खोटं बोलली होती, का तर त्याचा पाऊण तास जाऊ नये म्हणून. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो उठलाच. पुढचा पेशंट आत शिरत होता, त्याची माफी मागून तो दारातून डोकावला आणि म्हणाला की सात ते आठमध्ये काय असतं ते सांगायचं राहिलं. मी असतो.

बाईंना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी दारात उभं राहूनच समजावलं. थकलेलं मूल मोठ्या माणसासारखं गळून पडत नाही, उलट पेटतं. झोप आली होती त्या क्षणी तिला उधळवलं की मग चार तास ती खाली येत नाही, आणि अशी उशिरा दमून झोपलेली मुलं रात्रीत पुन्हा पुन्हा उठतात. रोज एकाच क्रमाने सगळं करा, अंघोळ, दूध, एकच चित्रांचं पुस्तक, मंद दिवा. दुपारची झोप राहू दे. आणि तुम्ही एक तर सातच्या आत घरी या, नाहीतर ती झोपल्यावर. मधलं काही चालणार नाही. बाबाने साहेबांना विचारून पाहिलं. सातच्या आत सुटणं शक्य नव्हतं.

म्हणून त्या सोमवारी पावणेआठला तो आपल्या दारापर्यंत आला आणि किल्ली खिशातच ठेवून अर्धा जिना खाली जाऊन पायरीवर बसला. वरच्या काकू भाजी घेऊन आल्या. घरातून हाकललं की काय, असं त्यांनी विचारलं. त्याने होय म्हणून सांगितलं, त्यात लांबण कमी होती. काकूंनी त्याला पिशवीतलं एक केळं दिलं आणि त्या वर गेल्या.

दारातून आवाज येत होते. नळ बंद झाला. बायको पुस्तक वाचत होती, तेच बदकाचं, तिसऱ्यांदा. मग भिंगरीने विचारलेलं त्याला स्पष्ट ऐकू आलं, "बाबा?" बायको हळू आवाजात काहीतरी म्हणाली. पुन्हा "बाबा?" बाबाने हातातलं केळं इतकं घट्ट धरलं की ते साल फाटून बाहेर आलं. बाहेर बसलेला मेकॅनिक, आत अडकलेली मॅडम, आणि मेकॅनिकने काहीही करायचं नाही, असला प्रसंग त्याच्या नोकरीत कधी आला नव्हता. सव्वाआठ झाले. आठ पंचवीसला वंगण घातलेलं दार आवाज न करता उघडलं आणि बायकोने हाताने ये म्हणून खुणावलं.

त्या रात्री दोघं गरम जेवण जेवली. मुलगी झाल्यापासून पहिल्यांदाच दोघं समोरासमोर बसून, पोळी तव्यावरून ताटात. बायको कुणीतरी पाहुणी आल्यासारखी लाजत होती. जेवण चांगलं होतं आणि बाबाला ते गिळवत नव्हतं. झोपण्याआधी त्याने वही काढली, दाढेच्या तिन्ही नोंदींवर रेघ मारली आणि संशयित कारणाच्या रकान्यात स्वतःला लिहिलं. सहीच्या रकान्यात काय करावं ते कळेना, तिथेही सही केली.

दिवसामागून दिवस तो पायरीवर बसला. पहिल्या तीन रात्री भिंगरी उठली, एकदाच, मग तेही थांबलं. सकाळी मात्र ती साचलेली झोप वसूल करत असल्यासारखी पडलेली असायची, नऊनऊपर्यंत, आणि तो अंगठ्याला हात लावून निघायचा. बायकोच्या डोळ्यांखालची वर्तुळं गेली. तिने एका दिवसात चार पडदे शिवले आणि एकही बाही गमावली नाही. घरात शांतता होती, सगळ्यांना झोप होती, आणि बाबा इतका उदास होता की कंट्रोल रूमच्या बाईंनी स्वतःच्या डब्यातला लाडू न विचारता त्याच्यापुढे ठेवला. मुलगी आपल्याला विसरणार, असं त्याने मनाशी धरलंच होतं. संध्याकाळी आता ती बाबा म्हणून विचारतही नव्हती. ते न विचारणं पायरीवर बसून ऐकणं सगळ्यात अवघड होतं.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी कुणीतरी त्याच्या डोळ्यात बोट घातलं.

त्याने डोळा उघडला. खिडकीच्या जाड पडद्याच्या कडेने उजेडाची बारीक रेघ आत आली होती. बायकोची जागा रिकामी होती, स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होता. आणि त्याच्या छातीवर भिंगरी बसली होती, केस उभे, गाल झोपेने लाल, डोळे टक्क. तिची झोप पुरी झाली होती. तिने त्याचा दुसरा डोळाही बोटांनी उघडून पाहिला, आत तोच आहे याची खात्री करून घेतली आणि मागे वळून घरभर ऐकू जाईल अशा आवाजात कळवलं.

"आई, बाबा आला."

बाबाने घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि त्याला साडेआठपर्यंत कुठेही जायचं नव्हतं.